मॅडव्हाइज() या सिस्टिम कॉलचं मराठी पान : मसुदा आणि मांडणीबद्दल चर्चा

पानोपानी :

नमस्कार मंडळी,

लिनक्सच्या सिस्टिम कॉल्सवर (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, काम मागायच्या वाटांवर) मराठीत मॅन्युअलची पानं लिहायचं काम सुरू आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ओपन(), फोर्क(), एममॅप() ही पानं झाली. आता मॅडव्हाइज() हातात घेतलंय. मसुदा पक्का करण्याआधी मांडणीवर तुमच्याशी बोलायचं आहे, कारण हा कॉल दिसतो तितका सरळ नाही.

वरवर पाहता सगळं सोपं आहे. अमुक पत्त्यापासून अमुक लांबीचा मेमरीचा पट्टा मी पुढे कसा वापरणार आहे, एवढं प्रोग्रामने कर्नलला सांगायचं. आर्ग्युमेंट्स तीनच : सुरुवातीचा पत्ता, लांबी आणि सल्ल्याचा प्रकार. काम झालं तर शून्य परत येतं, नाही तर उणे एक येतं आणि कारण एरर्नो या व्हेरिएबलमध्ये मिळतं. कॉल ४.४ बीएसडी या जुन्या युनिक्सच्या काळापासूनचा आहे. रूढ सल्ले पाच : नॉर्मल (नेहमीसारखं), रँडम (कुठूनही वाचणार), सिक्वेन्शियल (ओळीने वाचणार), विलनीड (लवकरच लागेल) आणि डोन्टनीड (आता लागणार नाही). लिनक्सने नंतर आपले स्वतःचे सल्ले जोडत नेले आणि आज यादी चांगलीच लांबली आहे.

अडचण वेगळीच आहे. इंग्रजी मॅन्युअलमध्ये सुरुवातीलाच म्हटलंय की रूढ सल्ल्यांमुळे प्रोग्रामच्या अर्थात फरक पडत नाही, फक्त वेगावर परिणाम होऊ शकतो. कर्नल सल्ला मानायला बांधील नाही. आणि त्याच वाक्यात कंसात एक अपवाद आहे : डोन्टनीड सोडून. नवखा वाचक तो कंस ओलांडून पुढे जातो. त्या कंसात माणसाचा डेटा जातो.

म्हणून मराठी पान या मुद्द्याभोवतीच बांधावं असं मला वाटतं. प्रत्येक सल्ल्यापाशी दोन प्रश्नांची उत्तरं आधी द्यायची. कर्नलने ऐकलंच नाही तर प्रोग्राम चुकेल का? आणि ऐकलं तर त्या पट्ट्यातला डेटा टिकेल का? असं पाहिलं की सल्ले आपोआप वेगळे होतात. रँडम, सिक्वेन्शियल, विलनीड, कोल्ड, पेजआउट, ह्यूजपेज, मर्जेबल हे सगळे निरुपद्रवी. मानले न मानले, निकाल तोच. डोन्टनीड, फ्री आणि रिमूव्ह यांच्यात डेटा जातो. तिसरा गट डोन्टफोर्क, वाइपऑनफोर्क, डोन्टडम्प यांचा. इथे आपल्या प्रोसेसमधला डेटा जागच्या जागी राहतो, पण फोर्कने प्रोसेसची प्रत काढल्यावर त्या मुलाला (नव्या प्रोसेसला) काय दिसेल किंवा प्रोग्राम कोसळताना जपल्या जाणाऱ्या मेमरीच्या प्रतीत, म्हणजे कोअर डम्पमध्ये, काय उतरेल ते बदलतं, आणि प्रोग्राम त्यावर विसंबलेला असतो.

मसुद्यातला डोन्टनीडचा भाग खाली देते (मॅपिंग म्हणजे प्रोग्रामच्या पत्त्यांना जोडलेली मेमरी किंवा फाईल; अ‍ॅनॉनिमस म्हणजे मागे फाईल नसलेलं, प्रायव्हेट म्हणजे बदल आपल्यापुरते, शेअर्ड म्हणजे बदल फाईलपर्यंत जाणारे; पेज कॅश म्हणजे फाईलची मेमरीतली प्रत) :

"हा पट्टा नजीकच्या काळात लागणार नाही, असं कर्नलला सांगतो. कर्नल त्या पट्ट्यामागची मेमरी काढून घेऊ शकतो. पत्ते वैधच राहतात. पुन्हा हात लावला तर सेगमेंटेशन फॉल्ट येत नाही. मात्र काय वाचायला मिळेल ते मॅपिंगवर अवलंबून आहे. प्रायव्हेट अ‍ॅनॉनिमस मॅपिंग असेल तर शून्यं मिळतात, आधीचा मजकूर गेला. फाईलचं प्रायव्हेट मॅपिंग असेल तर फाईलमधला मजकूर पुन्हा मिळतो, पण मेमरीत केलेले बदल गेले. फाईलचं शेअर्ड मॅपिंग असेल तर काही हरवत नाही. बदल पेज कॅशमध्ये असतात आणि तिथूनच परत मिळतात."

हा इशारा पानाच्या माथ्यावर हवा की त्या त्या सल्ल्यापाशी? कर्नलच्या आवृत्त्या लिहायच्या का? आणि विद्यार्थ्यांना घरी करून बघता येईल असं उदाहरण कोणतं घ्यावं? मोकळेपणाने सांगा.

रात्रपाळी :

पानोपानीताई, फार गरजेचं काम हाती घेतलंत. दोन प्रश्नांची मांडणी एकदम पटली. इशारा माथ्यावरच हवा. मॅन्युअल कुणी पहिल्या ओळीपासून वाचत नाही, लोक शोधून थेट हव्या त्या सल्ल्यावर उतरतात हे खरं. पण मग दोन्ही ठिकाणी द्या. पुनरुक्ती झाली तरी चालेल.

माझी मागणी फ्रीबद्दल आहे. मी सर्व्हर सांभाळण्याच्या कामात आहे आणि या एका सल्ल्यामुळे आमच्या टीमने मेमरी लीक शोधण्यात बराच वेळ घालवलाय, जो लीक नव्हताच. झालं असं : गो भाषेच्या १.१२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, तिचा रनटाइम (प्रोग्रामबरोबर चालणारा भाषेचा स्वतःचा कोड) लिनक्सवर न लागणारी मेमरी परत करताना डोन्टनीडऐवजी फ्री वापरायला लागला. फ्रीमध्ये कर्नल पेजेस (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) लगेच काढून घेत नाही. मेमरीची चणचण भासली की मग घेतो. तोवर ती पेजेस प्रोसेसच्या आरएसएसमध्ये, म्हणजे तिने व्यापलेल्या प्रत्यक्ष मेमरीत, मोजली जातात. त्यामुळे सर्व्हिसवरचा भार उतरला तरी आलेख खाली येत नाही आणि रात्री अलार्म वाजत राहतात. गोच्या लोकांनी २०२१ मध्ये १.१६ मध्ये पुन्हा डोन्टनीडकडे मोर्चा वळवला. मधल्या काळात गोडीबग या व्हेरिएबलमध्ये मॅडव्हडोन्टनीड एक केलं की जुनं वागणं मिळायचं.

तर फ्रीच्या नोंदीत 'आरएसएस लगेच उतरत नाही' हे वाक्य ठळक टाका. आणि खरा आकडा कुठे पाहायचा तेही : प्रोक या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या स्मॅप्स फाईलमध्ये लेझीफ्री नावाची ओळ असते. आरएसएसमधून ती वजा केली की जीव भांड्यात पडतो.

चाफेकळी :

मी तिसऱ्या वर्षाला आहे, ऑपरेटिंग सिस्टिम विषय आत्ताच चालू आहे. धागा वाचून खूप छान वाटलं. दोन शंका आहेत.

फ्री केल्यावर मेमरी जर अजून आपल्याकडेच असेल, तर मी तिच्यात पुन्हा लिहिलं तर काय होतं? नंतर कर्नल ते लिहिलेलंही घेऊन जाईल का?

दुसरी शंका, मॅलॉकने (सी भाषेत मेमरी मागायचं फंक्शन) दिलेल्या पॉइंटरवर थेट डोन्टनीड चालवलं तर चालेल का? मी करून पाहिलं तर उणे एक येतंय.

रात्रपाळी :

चाफेकळी, पहिल्याचं उत्तर मी देतो. रद्दीचा गठ्ठा दाराबाहेर ठेवला आणि रद्दीवाला यायच्या आत त्यातलं एखादं मासिक उचलून घरात घेतलं, तर ते आपलंच. तसंच. फ्रीनंतर एखाद्या पेजमध्ये लिहिलंत की त्या पेजपुरता सल्ला रद्द होतो आणि लिहिलेलं सुरक्षित राहतं. पण नुसतं वाचलंत तर सल्ला रद्द होत नाही. जुना मजकूरही मिळू शकतो किंवा शून्यंही. त्यामुळे फ्रीनंतर न लिहिता वाचणं म्हणजे भरवसा नसलेलं वाचणं. शिवाय हा सल्ला फक्त प्रायव्हेट अ‍ॅनॉनिमस मॅपिंगवर चालतो. लिनक्समध्ये तो ४.५ पासून आहे. ४.१२ च्या आधी, स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नसलेल्या मशीनवर, चणचण असो वा नसो, पेजेस लगेच जायची.

पानोपानी :

चाफेकळी, तुझी दुसरी शंका मी थेट पानात घेणार आहे, कारण ती प्रत्येकाला येते.

पत्ता पेजच्या सीमेवरच असावा लागतो, नाही तर ईइन्व्हाल, म्हणजे 'आर्ग्युमेंट चुकीचं' ही एरर. तुझा उणे एक तोच. आता तू तो पत्ता हेक्समध्ये छापून बघ. ६४ बिटच्या मशीनवर, जीलिबसीत (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी), बऱ्यापैकी मोठा ब्लॉक मागितलास, एखादा एमबी समज, तर पत्त्याचे शेवटचे तीन अंक ०१० दिसतील. म्हणजे पेजची सुरुवात त्याच्या १६ बाइट मागे आहे, आणि त्या १६ बाइटमध्ये मॅलॉकची स्वतःची नोंद आहे : ब्लॉक केवढा आहे वगैरे. पुष्कळ जण इथे पत्ता खाली ओढून सीमेवर आणतात आणि कॉल यशस्वी होतो. शून्य परत येतं, सगळं ठीक वाटतं. पण त्या नोंदीची शून्यं झालेली असतात आणि ब्लॉक मोकळा करायच्या वेळी प्रोग्राम कोसळतो, म्हणजे चूक केली तिथून कितीतरी दूर. म्हणून डोन्टनीड फक्त आपण स्वतः एममॅप()ने घेतलेल्या पट्ट्यावरच चालवायचं.

लांबीचं तर याहून वाईट आहे, कारण तिथे एररसुद्धा येत नाही. लांबी पेजच्या पटीत नसेल तर कर्नल ती गुपचूप वर ओढतो. पेज ४०९६ बाइटचं आहे आणि तू १०,००० बाइटवर डोन्टनीड म्हणालीस, तर प्रत्यक्षात तीन पेजेस, १२,२८८ बाइट जातात. पुढचे २,२८८ बाइट तू सांगितलेच नव्हतेस. त्यात दुसरं काही ठेवलं असेल तर तेही साफ.

बिटकरी :

यात आणखी एक भर. ४०९६ हा आकडा कुठेही गृहीत धरू नका, असं पानात बजावून सांगा. आर्मच्या ६४ बिट प्रोसेसरवर कर्नल ४, १६ किंवा ६४ केबीच्या पेजेसनी बांधता येतो. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पेजेसना आधार आहे. पॉवरच्या मशीन्सवर ६४ केबी नेहमीचं. वरचंच उदाहरण ६४ केबीच्या पेजवर चालवलं तर १०,००० च्या जागी ६५,५३६ बाइट पुसले जातात. कोड तोच, लॅपटॉपवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. सिसकॉन्फ()ला पेजसाइझ विचारायची, दोन ओळींचं काम आहे.

जुनी_वाट :

धागा वाचनीय आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी फ्रीबीएसडीवर (बीएसडीच्या घराण्यातली सिस्टिम) बरीच वर्षं काम केलंय. तिथल्या मंडळींना लिनक्सचा डोन्टनीड पहिल्यांदा कळतो तेव्हा धक्का बसतो. फ्रीबीएसडीवर डोन्टनीड म्हणजे या पेजेसचं मेमरीतलं प्राधान्य उतरवा, एवढंच. मजकूर टिकतो. मजकुराची आता किंमत नाही हे सांगायला तिथे फ्री आहे, आणि तो लिनक्समध्ये यायच्या खूप आधीपासून आहे. म्हणजे एकाच नावाचा सल्ला एका सिस्टिमवर निरुपद्रवी आणि दुसऱ्यावर पुसून टाकणारा. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं सिस्टिमनुसार बदलतात, हे पानात यायलाच हवं.

पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या सामाईक मानकाचा, पॉझिक्स_मॅडव्हाइज()ही सोडू नका. पॉझिक्सच्या लेखी डोन्टनीड हा निव्वळ अंदाज आहे; त्याने मजकुराला धक्का लागता कामा नये. जीलिबसी हा कॉल आतून मॅडव्हाइज()नेच पुरा करते. त्यामुळे २.६ आवृत्तीपासून तिने पॉझिक्सच्या डोन्टनीडपाशी काहीच न करण्याचा मार्ग घेतला. कर्नलचा डोन्टनीड मजकूर पुसतो, तो पॉझिक्सच्या नावाखाली चालवणं धोक्याचं. मला हा निर्णय अत्यंत जबाबदारीचा वाटतो. आणि बारीक फरक : पॉझिक्सचा कॉल चुकीच्या वेळी उणे एक देत नाही, एररचा क्रमांकच परत करतो. एरर्नो तपासत बसलात तर काही सापडणार नाही.

पानोपानी :

जुनी_वाट, फार मोलाची भर. पॉझिक्सच्या कॉलला स्वतंत्र पान देते आणि या पानावरून तिकडे बोट दाखवते.

तुमच्या प्रतिसादावरून एक उदाहरण द्यावंसं वाटतं. मला सांगायचंय ते याहून नेमकं कुठेच दिसत नाही. जेमॅलॉक ही मेमरी देणारी लायब्ररी लिनक्सच्या डोन्टनीडवर विसंबते : पट्टा सोडला की पुढच्या वेळी तो शून्यांनी भरलेला मिळणार. आता क्यूएमू घ्या. एका प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालवायची त्याची जी यूजर मोडची सोय आहे, तिच्यात अनेक वर्षं मॅडव्हाइज() काहीच न करता यश कळवायचा. कोडमधल्या टिपेत कारणही दिलं होतं : हा फक्त इशारा आहे, दुर्लक्ष करून यश कळवलं तरी चालतं. मॅन्युअलची पहिली ओळ वाचणाऱ्याने काढलेला हा अगदी प्रामाणिक निष्कर्ष आहे. पण शून्यांवर विसंबलेल्या प्रोग्रामला तिथे जुना मजकूर मिळायचा. शेवटी जेमॅलॉकनेच सुरू होताना तपासून पाहायला सुरुवात केली. एका पेजवर लिहायचं, डोन्टनीड चालवायचं, शून्यं आली का बघायचं. नाही आली तर डोन्टनीड चालत नाही, मेमसेट वापरू (म्हणजे शून्यं स्वतः भरू), क्यूएमूखाली हे अपेक्षितच आहे, अशा अर्थाचा संदेश छापायचा. तो संदेश आर्मच्या कंटेनरशी खेळलेल्या अनेकांनी पाहिला असेल. पुढे क्यूएमूने डोन्टनीड नीट पाळायला सुरुवात केली.

दोन्ही बाजूंची माणसं जाणकार होती आणि दोघांनी तेच मॅन्युअल वाचलं होतं. जे पाळलं नाही तर प्रोग्राम चुकतो, तो करार असतो आणि दस्तऐवजात तो करार म्हणूनच लिहिला गेला पाहिजे. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

सरळरेषा :

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. हे सगळं इंग्रजी मॅन्युअलमध्ये आहेच. कर्नलवर काम करणाऱ्याला इंग्रजी वाचावंच लागतं. आणि मॅडव्हाइज()ची यादी सतत वाढते आहे. आज लिहिलेलं मराठी पान उद्या शिळं होईल, आणि शिळं मॅन्युअल हे मॅन्युअल नसण्यापेक्षा घातक. मग हा खटाटोप कशासाठी?

पानोपानी :

सरळरेषा, राग कसला, प्रश्न योग्यच आहे.

शिळं काय होतं ते आधी पाहू. यादी होते. कोल्ड आणि पेजआउट ५.४ मध्ये आले, पॉप्युलेटरीड आणि पॉप्युलेटराइट ५.१४ मध्ये, कोलॅप्स ६.१ मध्ये, गार्डइन्स्टॉल ६.१३ मध्ये. हे चालूच राहणार. पण पत्ता सीमेवर हवा, लांबी वर ओढली जाते, डोन्टनीडनंतर अ‍ॅनॉनिमस मेमरी शून्य होते, यातलं काही बदलणार नाही. लिनक्स आपल्या प्रोग्राम्सना दिलेला शब्द मोडत नाही. म्हणून पानाचे दोन भाग करते : न बदलणारा करार वर, आणि सल्ल्यांची यादी खाली, प्रत्येकापुढे तो कर्नलच्या कुठल्या आवृत्तीत आला ते. पान कुठल्या इंग्रजी आवृत्तीशी पडताळलंय हेही माथ्यावर लिहीन. म्हणजे वाचकाला ते किती जुनं आहे ते कळेल.

शिवाय आपल्या कर्नलला एखादा सल्ला माहीत आहे की नाही, हे विचारायची सोय कॉलमध्येच आहे. पत्ता शून्य, लांबी शून्य आणि तो सल्ला, असा कॉल करायचा. शून्य आलं तर कर्नल तो सल्ला ओळखतो. हे शिकवलं की यादी जुनी झाली तरी वाचक अडत नाही.

आणि कशासाठी म्हणाल, तर चाफेकळीसारख्या मुलींसाठी. डिप्लोमाची, डिग्रीची कितीतरी मुलं मराठी माध्यमातून येतात. त्यांना इंग्रजी शब्द अडत नाहीत. पेज, कर्नल, पॉइंटर ती रोज बोलतात. अडतं ते वाक्य, अटीत अट गुंतलेलं, कंसात अपवाद असलेलं. ते एकदा स्वतःच्या भाषेत नीट समजलं की इंग्रजी मॅन्युअल त्यांना आपोआप वाचता येतं. मी हे वर्गात घडताना पाहिलंय.

सरळरेषा :

दोन भागांची कल्पना पटली. शंका मागे घेतो. आवृत्त्यांची पडताळणी करायला मी मदत करीन.

पानझड :

डेटाबेसच्या बाजूने थोडं. सगळी चर्चा डोन्टनीडवर चाललीय ते बरोबरच, पण निरुपद्रवी सल्ल्यांमध्येही लोक फसतात, आणि तिथे वेग जातो.

रँडमचं बघा. इंडेक्सची मोठी फाईल एममॅप केलीय आणि शोध कुठेही उड्या मारतोय. लिनक्सचं रीडअहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणं) सर्वसाधारणपणे १२८ केबी असतं. लागतंय ४ केबीचं एक पेज आणि डिस्कवरून येतंय त्याच्या ३२ पटपर्यंत. फाईल मेमरीपेक्षा मोठी असेल तर ही नको असलेली पेजेस कामाच्या पेजेसना बाहेर ढकलतात. रँडम म्हटलं की रीडअहेड थांबतं. एलएमडीबी या डेटाबेसमध्ये रीडअहेड नको असा जो पर्याय आहे तो आतून हेच करतो. उलट सगळी फाईल मेमरीत मावत असेल तर रँडमने सुरुवातीचा वेग उतरतो. एकेक पेज वेगळं आणावं लागतं ना. हे दोन्ही लिहा.

विलनीडबद्दल गैरसमज असा की कॉल परतला म्हणजे डेटा आला. तसं नाही. तो फक्त वाचन सुरू करून देतो आणि परततो. पेजेस खरोखर येईपर्यंत थांबायचं असेल आणि आली नाहीत तर एरर हवी असेल, तर पॉप्युलेटरीड वापरावं.

आणि परत येणाऱ्या शून्याचा अर्थ प्रत्येक गटात वेगळा असतो! रँडमच्या शून्याचा अर्थ 'नोंद घेतली' एवढाच. डोन्टनीडच्या शून्याचा अर्थ 'केलं'. वाइपऑनफोर्कमध्ये तर हा शून्य न तपासणं म्हणजे सुरक्षेशी खेळ. यादृच्छिक आकड्यांचं बीज त्या पट्ट्यात ठेवलंय, फोर्कनंतर मुलाला शून्यं दिसावीत आणि त्याने नवं बीज घ्यावं अशी योजना आहे. कर्नल ४.१४ च्या आधीचा निघाला, ईइन्व्हाल आलं आणि आपण पाहिलंच नाही, तर आई आणि मूल दोघेही तेच 'यादृच्छिक' आकडे काढत बसतील.

रात्रपाळी :

+१. शून्याचा अर्थ गटानुसार, हे पानात हवंच हवं.

ह्यूजपेजबद्दल (मोठी पेजेस द्या, हा सल्ला) एक ओळ माझी. हा सल्ला मानला जाईल की नाही ते मशीनच्या सेटिंगवर ठरतं. ट्रान्सपरंट ह्यूजपेजच्या एनेबल्ड फाईलमध्ये ऑलवेज, मॅडव्हाइज आणि नेव्हर असे तीन पर्याय असतात. मॅडव्हाइज ठेवलं तर ज्याने मागितली त्यालाच मोठी पेजेस, एक्स८६ वर २ एमबीची. नेव्हर असेल तर मागितल्यावर शून्य येतं आणि मोठं पेज काही मिळत नाही. रेडिससारख्या सॉफ्टवेअरचे लोक ऑलवेज बंद करा असं सांगतात, कारण फोर्कनंतर थोडं लिहिलं तरी २ एमबीचं अख्खं पेज कॉपी व्हायला लागतं.

बिटकरी :

आणि सल्ला खरंच चिकटला का ते बघायला स्मॅप्समधली व्हीएमफ्लॅग्जची ओळ. प्रत्येक मॅपिंगखाली दोन दोन अक्षरांचे कोड असतात. आरआर म्हणजे रँडम, एसआर म्हणजे सिक्वेन्शियल, एचजी ह्यूजपेज, डीसी म्हणजे फोर्कमध्ये कॉपी नाही, डीडी म्हणजे डम्पमध्ये नाही, डब्ल्यूएफ म्हणजे फोर्कवर पुसा. विद्यार्थ्यांसाठी उदाहरण हवं होतं ना, हेच द्या. एममॅप करायचं, सल्ला द्यायचा, प्रोग्राम थांबवून ठेवायचा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून ही ओळ वाचायची. मात्र डोन्टनीड इथे दिसणार नाही. ती एकदाच केलेली कृती आहे, मॅपिंगला लागलेली खूण नाही. तिच्यासाठी आरएसएस आधी आणि नंतर बघायचा.

कुंपण :

सुरक्षेच्या अंगाने एक भर, जागा असेल तर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालेला लिनक्समधला डर्टी काऊ हा सुरक्षादोष, सीव्हीई २०१६-५१९५. त्याच्या गाजलेल्या हल्ल्यात एक थ्रेड सतत डोन्टनीड चालवत असतो आणि दुसरा प्रोकमधल्या स्वतःच्या मेम फाईलमधून त्याच पट्ट्यावर लिहीत असतो. फाईलचं प्रायव्हेट मॅपिंग असल्यामुळे लिखाण खासगी प्रतीत जायला हवं. पण प्रत तयार होणं आणि त्यात लिहिणं या दोहोंच्या मधल्या फटीत डोन्टनीड ती प्रत काढून टाकतं, आणि लिखाण मूळ फाईलच्या पेजवर जातं. त्या फाईलवर लिहायचा अधिकार नसतानाही. ही फट २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती. दोष मॅडव्हाइज()चा नव्हता, कॉपी-ऑन-राइटच्या (लिहितानाच प्रत काढण्याच्या) हाताळणीचा होता. पण प्रायव्हेट मॅपिंगवर डोन्टनीड नेमकं काय फेकून देतं, ते यातून लख्ख कळतं.

पानोपानी :

कुंपण, हे डोन्टनीडच्या नोंदीखाली चौकटीत घेते.

सगळ्यांच्या सूचना धरून पानाचा माथा असा लिहिलाय. बघून सांगा :

"मॅडव्हाइज() मेमरीच्या एका पट्ट्याबद्दल कर्नलला काही सांगतो. काही सल्ले फक्त वेगासाठी असतात. कर्नल ते मानेल किंवा मानणार नाही, प्रोग्रामचा निकाल तोच राहील. सावधान : डोन्टनीड, फ्री आणि रिमूव्ह यांनी त्या पट्ट्यातला मजकूर नष्ट होऊ शकतो. डोन्टफोर्क, वाइपऑनफोर्क यांसारख्या सल्ल्यांवर प्रोग्रामची शुद्धता अवलंबून असते. त्यांचं परतमूल्य नेहमी तपासा. पत्ता पेजच्या सीमेवर हवा. लांबी पेजच्या पुढच्या पटीपर्यंत वाढवली जाते आणि वाढलेल्या भागालाही सल्ला लागू होतो. ही सर्व वर्णनं लिनक्सची आहेत. इतर सिस्टिम्सवर त्याच नावाचा सल्ला वेगळं वागू शकतो."

एररच्या विभागात एनोमेम या एररपाशी वेगळी टीप आहे. पट्ट्याचा काही भाग मॅप केलेला नसेल तर लिनक्स तेवढा भाग वगळून बाकीच्यावर सल्ला लागू करतो, आणि तरीही एनोमेम परत करतो. म्हणजे इथे उणे एक आलं तरी 'काहीच झालं नाही' असं धरू नये. डोन्टनीडच्या बाबतीत याचा अर्थ मजकूर गेलेला असू शकतो.

जुनी_वाट :

उत्तम उतरलंय. एनोमेमची टीप माथ्यावरच्या परिच्छेदातही एका ओळीत घ्या. एरर आली म्हणजे काही घडलं नाही, ही सवय हाडात असते.

चाफेकळी :

मी व्हीएमफ्लॅग्जचा प्रयोग केला. रँडम दिल्यावर आरआर आलं, नॉर्मल दिल्यावर गेलं. खूप छान वाटलं डोळ्यांनी बघून. पण तोच पट्टा एमलॉक()ने लॉक करून डोन्टनीड दिलं तर पत्ता सीमेवर असूनही ईइन्व्हाल येतंय. असं का?

बिटकरी :

बरोबर येतंय. लॉक केलेल्या पेजेसवर डोन्टनीड चालत नाही. ही पेजेस मेमरीतून हलवायची नाहीत असं तूच आधी सांगितलंयस. ५.१८ पासून त्यासाठी वेगळा सल्ला आहे, डोन्टनीड_लॉक्ड. लॉक केलेली असली तरी टाका, असं स्पष्ट सांगायचं असेल तर तो. ह्यूजटीएलबीच्या (वेगळ्या राखून ठेवलेल्या मोठ्या) पेजेसवरही ५.१८ पासूनच डोन्टनीड चालायला लागलं, त्याआधी तिथेही ईइन्व्हालच.

पानोपानी :

दोन्ही गोष्टी ईइन्व्हालच्या कारणांमध्ये घेतल्या, आणि एनोमेमची ओळ माथ्यावर नेली. चाफेकळी, तुझा प्रयोग पावलापावलाने लिहून देशील का? उदाहरणाच्या विभागात तुझ्या शब्दांत घालते. सरळरेषा, आवृत्त्यांची यादी तुमच्याकडे पाठवतेय. रिमूव्ह आणि डोन्टफोर्क २.६.१६, मर्जेबल २.६.३२, ह्यूजपेज २.६.३८, डोन्टडम्प ३.४ अशी सुरुवात आहे. ती तपासून झाली की पान चढवते आणि मग एममॅप()च्या पानावरून इकडे दुवा देते.